इच्छेलाही वळण लावलं जातं

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या आसपासच्या गावांत पोतराज आला, तर त्याच्या घेराकडे कुणी बोट दाखवून हसत नाही. कमरेला रंगीत खणांचा घोळदार घेर, पाठीवर सोडलेले लांब केस, कपाळभर हळदकुंकू, पायांत घुंगरू. हातातला कोरडा तो स्वतःच्याच अंगावर ओढतो. सोबतची बाई डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन ढोलकं वाजवते. बायाबापड्या सुपात ज्वारी आणून घालतात, पाया पडतात. पुरुषानं केस वाढवले, घेर नेसला, याचा संकोच ना त्याला असतो, ना पाहणाऱ्याला. देवीनं मागितलं म्हटल्यावर विषय संपतो.

याच मुलखावर ज्यांचं राज्य होतं त्यांचा एक कायदा आता पाहू. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानानं फसली 1329 मध्ये, म्हणजे 1919 साली, तृतीयपंथीयांवर नजर ठेवण्यासाठी कायदा केला. त्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, लोकांसमोर नाचली-गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ब्रिटिशांनी 1871 साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाचा हा साचा. निजामशाही गेली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण हैदराबादेत हा कायदा पुस्तकात पडून राहिला. वैजयंती वसंता मोगली या तृतीयपंथी कार्यकर्तीनं आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं, आणि जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला.

पोशाख तोच, पण एकाला नमस्कार आणि दुसऱ्याला तुरुंग. म्हणजे कापडात, केसांत किंवा देहात असं काही नसतं ज्यानं माणूस पूज्य किंवा गुन्हेगार ठरावा. ते ठरवणारे दुसरेच असतात: देवस्थान, जात, सरकार, गाव. पोतराजाला मिळणारा मान ही मोकळीक होती, असंही कुणी समजू नये. बहुतेक मातंग घरातला एखादा पोर नवसापायी देवीला सोडला जायचा, त्याच्या केसांना कात्री लावायची नाही हे दुसऱ्यांनी ठरवलेलं असायचं. त्यानं उद्या देवीचं नाव न घेता, केवळ स्वतःला बरं वाटतं म्हणून तोच घेर नेसला असता, तर गावानं काय केलं असतं हे सांगायला नको.

बाई असणं, पुरुष असणं, कुणाची ओढ वाटणं या गोष्टी आपल्याला पाऊसपाण्याइतक्या निसर्गाच्या वाटतात. देह निसर्गाचा आहे, यात वाद नाही. पण त्या देहानं कसं चालायचं, कुठलं काम करायचं, कुणासमोर मान खाली घालायची, कुणाला पाहून धडधड व्हायची आणि झाली तर कुणाला सांगायची नाही, यातलं बरंच शिकवलेलं असतं. या शिकवलेल्या भागाला अभ्यासक लिंगभाव म्हणतात. बाई जन्मत नाही, घडवली जाते, असं सिमोन द बोव्हारनं 1949 साली फ्रान्समध्ये मांडलं आणि जगभर चर्चा झाली. 1973 साली जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. कामेच्छासुद्धा नाटकातल्या संहितेसारखी पाठ केली जाते, असं त्यांचं म्हणणं. कुणासोबत, कुठे, कधी, आणि नंतर सुख वाटून घ्यायचं की शरम, हे सगळं त्या संहितेत लिहिलेलं असतं. संहिता इतकी लहानपणी हातात पडते की ती आपलीच वाटते.

येलदरीवरून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात ही संहिता वाचायला पुस्तक लागत नाही, शेत पुरतं. पेरणीच्या वेळी तिफणीमागं चाडं धरून बी सोडत बाई चालते. बी एकसारखं पडायला हाताला फार अंदाज लागतो. पण बैलांचा कासरा गड्याच्या हातात, आणि पेरणी कुणी केली म्हटलं तर नाव गड्याचं. खुरपणी बाईची, कापूस वेचणी बाईची, औत गड्याचं. संध्याकाळी हजेरी वाटताना गड्याचा आकडा वेगळा, बाईचा कमी. ताकदीचं काम गड्याचं म्हणून त्याला जास्त, असं कारण सांगतात. दिवसभर वाकून खुरपणं किंवा मणभर ओझं डोक्यावरून वाहणं ताकदीत का मोजत नाहीत, याला उत्तर नसतं.

याच हिशेबाचं सर्वांत कठोर रूप ऊसतोडीत दिसतं. येलदरीच्या भिंतीमागं अडवलेलं पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांत. 1968 साली येलदरी धरण पूर्ण झालं, त्यावर 22.5 मेगावॉट वीजही तयार होते. पाणी खालच्या रानांत गेलं आणि तिथं ऊस उभा राहिला. जिंतूरच्या माळावरचे तांडे, गंगाखेडचा डोंगरपट्टा मात्र पावसाच्या भरवशावरच राहिले. तिथली माणसं दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कारखान्यांकडे निघतात.

मुकादम टोळी बांधतो ती माणसं मोजून नाही, कोयते मोजून. एक कोयता म्हणजे एक जोडपं. उचल जोडप्याला मिळते, आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. तोडायला दोघं, मोळी बांधायला ती, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायला बहुतेक वेळा तीच, पहाटे चूल पेटवायलाही तीच. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. त्या 366 मध्ये तिचे किती, हे कुठंच लिहिलेलं नसतं. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, आणि अर्ध्या कोयत्याला उचल देताना मुकादम हात आखडता घेतो. म्हणजे पोरगा कामाला लागायचा तर त्याला जोडी हवी. जोडी हवी म्हणून लग्न हवं. आणि इकडे पोरीचे आईबाप सहा महिने बाहेरगावी जाणार, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर मागं ठेवायची, म्हणून तिलाही लवकर उजवायचं. दोन्ही घरांची निकड एका मांडवात भेटते.

2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा 21.9 टक्के. जिल्ह्यातल्या जवळजवळ निम्म्या तरुण बायका. याला नुसती अडाणी रूढी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. रूढी आहेच, पण तिला दरवर्षी उसाच्या हंगामाचं खत मिळतं. वय वाढेल तसा हुंडा वाढतो हेही त्यात आहे. आणि सगळ्यांत खाली एक भीती आहे: पोरीचं कुठं मन गेलं तर? अर्धी घाई या प्रश्नापोटी असते. तिची इच्छा जागी होण्याआधी तिचा मालक ठरवून टाकायचा. मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न उलटा विचारला जातो. त्याचं मन चार ठिकाणी गेलं तर ‘गड्याचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. एकाच घरात, एकाच आईच्या तोंडून दोन लेकरं हे दोन धडे घेतात. मुलगा शिकतो की त्याची इच्छा आवरण्यासारखी नाहीच. मुलगी शिकते की तिला इच्छा नसावी, आणि असलीच तर ती घराच्या अब्रूवरचा धोका आहे.

देहाचं पुढं काय होतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्यानं 2019 साली सगळ्या राज्याला दाखवलं. ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं नेहमीचं. एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. अशा बाईला डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, त्रास संपेल. ती हो म्हणते. कागदावर तिची संमती असते, अंगठा असतो. पण ज्या जागेवर उभं राहून तिनं हो म्हटलं ती जागा तिनं निवडलेली नव्हती. संमती म्हणजे काय, हे महाविद्यालयातल्या चर्चासत्रात बोलताना या तेरा हजार बायका डोळ्यांसमोर असायला हव्यात.

गेल्या काही वर्षांत याच मराठवाड्यात दुसरीही गोष्ट घडते आहे. शेती करणाऱ्या तरुणांना मुली मिळत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले, पण मागणी खरी होती. एक कारण तर त्यांच्याच आधीच्या पिढीनं गर्भात मुली मारल्या हे आहे, आणि ते थांबलंही नाही: 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली 807 होत्या. दुसरं कारण मुलींच्या पसंतीत आहे. नोकरीवाला नवरा हवा, शहरात खोली हवी. यावरून मुली हावऱ्या झाल्या म्हणणारे खूप भेटतात. पण ज्या पोरीनं आईला दुष्काळात कोसभरावरून पाणी आणताना आणि बापाला सावकारापुढं बसलेलं पाहिलं, तिला रानाची ओढ कशी वाटावी? कुणी देखणा वाटतो, कुणी नाही, या अगदी आतल्या वाटणाऱ्या गोष्टीतही पावसाचं प्रमाण आणि सोयाबीनचा भाव मिसळलेला असतो.

येलदरीला येणारी पूर्णा वर बुलढाणा जिल्ह्यातून येते. तिकडं तिला खडकपूर्णा म्हणतात. त्याच बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक पुण्यात छापून घेतलं. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, नको असलेलं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली होती. पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यापर्यंत खाली आली. वर्तमानपत्रं बायकांच्या बिघडलेल्या चालीवर अग्रलेख लिहीत होती. ताराबाई भडकल्या. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला निघणारा पुरुष, आणि नवरा मेला की केस भादरून कोपऱ्यात बसवलेली पोर, यांच्यात मोहाला बळी पडलं तर दोष एकीचाच का? पुस्तकभर त्या एकेक दुर्गुण घेतात, साहस, कपट, चंचलपणा, आणि विचारतात की हा पुरुषांत नाही का, उलट जास्तच नाही का. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा छापेपर्यंत. बाईची इच्छा हा गुन्हा आणि पुरुषाची इच्छा हा स्वभाव, ही विभागणी कुणीतरी केलेली आहे, निसर्गात सापडलेली नाही, एवढं साधं त्यांना म्हणायचं होतं. ते म्हणणारी बाई पूर्णेच्या वरच्या अंगाला राहत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही विभागणी जातीनंही केली. पेशवाईच्या उत्तरकाळात एकीकडे ब्राह्मण विधवेच्या केसांवर आणि जेवणावर पहारा कडक होत होता, आणि दुसरीकडे त्याच पुण्यात शृंगारिक लावणी बहरात होती. रचणारे शाहीर पुरुष, पाहणारे सरदार पुरुष, आणि सुरुवातीला बाईचा पोशाख करून नाचणारा नाच्याही पुरुषच. शब्द मात्र बाईच्या तोंडचे: मीच आतुर, मीच वाट पाहते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावंतांवर लिहिताना हे जोडून दाखवलं. बहुजन आणि दलित बाईचा देह म्हणजे सतत कामातुर, आणि उच्चवर्णीय विधवेचा देह म्हणजे इच्छाच नसलेला, अशी दोन चित्रं एकाच काळात रंगवली गेली. दोन्ही पुरुषांच्या सोयीची. पहिलीवर हात टाकायला परवानगी, दुसरीवर कुलूप. या चित्रातून आपण अजून बाहेर पडलेलो नाही. तमाशातल्या बाईला कुणीही काहीही विचारू शकतं, असं मानणारे आजही आहेत.

पुढं शतकभरानं, रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी मराठी घरंदाज बाईचा नमुना ठरवला. 1911 साली ‘मानापमान’मधली भामिनी, मग ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. त्यांचं नेसणं, अंबाडा, गजरा, दागिने पाहून पुण्यामुंबईच्या बायका तसं करू लागल्या. बाईपण निव्वळ देहातून उगवत असतं, तर नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाकडून ते बायकांना शिकायची गरज पडली नसती.

इच्छा बंदोबस्तात राहते, तशी ती फटीही शोधते. परभणी जिल्ह्यातच, गोदावरीकाठी गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. शूद्र घरातली अनाथ पोर, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. तिला नवरा नाही, संसार नाही, म्हणजे समाजानं बाईला दिलेली एकही जागा नाही. तिनं काय केलं? देवाला आपल्या कामात ओढलं. तिच्या अभंगांत विठोबा दळू लागतो, गोवऱ्या वेचतो, ती वेणी उकलते तेव्हा तिच्या डोईला लोणी चोळतो. एका अभंगात ती डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात जाते, आणि देवाच्या घरी निघाल्याचं सांगताना स्वतःसाठी बदनाम बाईचा शब्द वापरते. बाईनं पदर सावरायचा ही तर संहितेतली पहिली ओळ. जनाबाईनं ती वाचून टाकून दिली. तिचे अभंग भक्तीचे आहेतच, पण त्यांतली जवळीक सोवळी करून वाचणं हा तिच्यावर अन्याय आहे.

वारकऱ्यांनी देवाच्या बाबतीतही नर-मादी पक्की ठेवली नाही. विठोबा माउली, ज्ञानेश्वर माउली. ज्ञानदेवांनी विरहिणी लिहिल्या, पैठणच्या एकनाथांनी गवळणी लिहिल्या, दोघांनी बाईच्या आवाजात. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरीला जाते. त्या वाटेवर मिशाळ शेतकरी एकमेकांचे हात धरून फुगडी खेळतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. वारी संपली की हेच हात घरी पोळी लाटायला मात्र लाजतात. परवानगी तेवढ्या दिवसांपुरती असते.

जात्यावर मात्र बायकांना रोजची परवानगी होती, कारण पहाटे ऐकायला पुरुष जागा नसायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बाईनं गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्याही आहेत. सीतेला रानात धाडलं हे सांगताना गाणारी आपलंच सांगत असते. या ओव्या सलग वाचल्या की एक गोष्ट ठळक होते. भावाची, माहेराची, आईची ओढ किती मोकळेपणानं येते! भावासाठी डोळे लागणं, त्याची घोडी दिसली की जीव फुलणं. नवऱ्याबद्दल बोलताना हीच बाई जपून शब्द टाकते, कुंकवाआडून बोलते. बाईला माया नाही, ओढ नाही असं नव्हतंच. ती कुणाकडे वाहू द्यायची याचे पाट आखून दिलेले होते, आणि ती त्या पाटांतूनच भरभरून वाहिली.

ओवीत जे बोलता येत नव्हतं ते विसाव्या शतकात लोक टपालानं विचारू लागले. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी ओढ, वाचक काहीही विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे, न बिचकता उत्तर छापत. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, वाचकानं विचारलेल्या शंकेला उत्तर देणं हे या मासिकाचं कामच आहे, हा त्यांचा मुद्दा. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. जातीचं आणि बाईच्या देहावरच्या मालकीचं नातं ज्यानं उलगडलं होतं, तोच माणूस या खटल्यात उभा राहिला, हा मला योगायोग वाटत नाही. कर्व्यांनी तोटा सोसत मासिक चालवलं. ऑक्टोबर 1953 मध्ये ते गेले आणि मासिकही बंद पडलं.

2007 साली शाळांतून किशोरवयीन मुलांना याच विषयांची ओळख करून देणारा कार्यक्रम महाराष्ट्र सरकारनं थांबवला. संस्कृतीला बाधा येते, असं कारण त्यासाठी पुढं आलं. जिंतूरच्या नववी-दहावीतल्या पोरांच्या शंका काही थांबल्या नाहीत. ती मोबाइल उघडतात. तिथं त्यांना जे दाखवलं जातं त्यात पुरुष हुकूम सोडतो, बाई नाही म्हणत नाही, आणि गर्भ, आजार, भीती, मर्जी यांचा पत्ताच नसतो. वर्गात जीवशास्त्राच्या बाई प्रजननाचा धडा घरी वाचायला सांगतात. मुली त्या पानावर वही ठेवतात.